पत्त्यासकट प्रार्थना

अहिल्यानगर शहर आणि जिल्ह्यातील तमाम नागरिकांना, तसेच बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्या सन्माननीय पाहुण्यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, विश्वाच्या निर्मात्याला आमच्या गल्लीचा पत्ता माहीत आहे. नुसत्या गल्लीचा नव्हे. कोणाचं फाटक कुरकुरतं, कोणाची पाण्याची टाकी गळते, कोणाकडचं कुत्रं चावतं आणि कोणाकडचं नुसतंच भुंकतं, ही सगळी माहिती सर्वोच्च पातळीवर पोचलेली आहे. ती पोचवण्याचं काम सुवार्ता साळवे नावाच्या, पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी वर्षानुवर्षं, बिनपगारी आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात केलं. नागरिकांनी नोंद घ्यावी आणि शक्य असल्यास आभार मानावेत. मी मानायला बसलोच आहे.

आमची गल्ली जामखेड रोडवर, पिठाच्या गिरणीमागे. साळवेबाईंचं घर माझ्या घरासमोर. त्यामुळे शाळेत मला ज्यांनी पळवलं, त्यांच्या नजरेसमोरच मला पुढे म्हातारं व्हावं लागत होतं. माझे केस पिकले तरी त्यांच्या लेखी मी 'विन्या'च. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, हा त्यांचा वेष. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, बूट सुटले नाहीत. चर्चला बूट, लग्नाला बूट, मयतीला बूट. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, प्रभूने 'चल' म्हटल्यावर चपला शोधत बसायचं का?

मैदानावर आम्ही कवायतीचे आकडे म्हणायचो तेव्हा बाई पार पलीकडच्या कडुनिंबाखाली उभ्या राहायच्या. तिथून हात कानामागे धरायच्या आणि म्हणायच्या, "आवाज येत नाही. पुन्हा पहिल्यापासून." आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो तरी पहिल्या खेपेला बाईंना आवाज आला, असं कधी घडलं नाही. पुढे आमच्या चर्चच्या घरगुती प्रार्थनासभेतही कोणी तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागलं की, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तेच वाक्य यायचं. एकदा कोणाचे तरी नवे जावई भिडस्तपणे प्रार्थना करत होते. त्यांनाही सुट्टी मिळाली नाही. बिचाऱ्यांनी पुन्हा 'हे आमच्या स्वर्गीय पित्या'पासून सुरुवात केली, आणि दुसऱ्या खेपेला असा आवाज लावला की गिरणीवाला दळण थांबवून बाहेर आला.

बाईंचे यजमान बन्यामीनकाका. सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. रस्ते, पूल, कॅनॉल हा त्यांचा प्रांत. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि बोलणं पाणीटंचाईतल्या नळासारखं. दर रविवारी बाईंच्या शेजारी बसायचे, गीतं म्हणायचे, उपदेश ऐकायचे. पण प्रार्थना त्यांच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती. कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी, करुणा, शाळेत जायच्या वयाची होण्याआधीच तापाने गेली. ती अंथरुणावर होती तोवर काका गुडघे टेकून मोठमोठ्याने प्रार्थना करत होते. ती गेली आणि काका गप्प झाले.

देवावरचा त्यांचा विश्वास उडाला असं मात्र नाही. तो एका विचित्र ठिकाणी अडकून पडला होता. एकदा माझ्याशी बोलताना म्हणाले, देव आहेच, आणि मोठाच आहे, एवढे तारे काय आपोआप टांगले गेले? पण एवढ्या मोठ्याला बन्यामीन साळवे कोण हे माहीत असायचं काही कारण नाही. "तो आपल्याला ओळखत नाही, विनय," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. बदलून आलेल्या कलेक्टरबद्दल बोलावं तसं बोलले.

आणि बाईंची जन्माची एकच मागणी होती: नवऱ्याच्या तोंडून पुन्हा एकदा प्रार्थना ऐकायची. ही मागणी त्यांनी लपवली नाही. काका शेजारी बसलेले असताना भर सभेत त्या प्रार्थना करायच्या, "आणि प्रभू, ह्यांच्यासाठी. माझ्या डाव्या हाताला बसलेत, निळा शर्ट. ऐकतायत, पण ऐकत नसल्यासारखं करतायत." काका ऐकत नसल्यासारखं करायचे.

पत्त्याची भानगड ही अशी होती. बाईंची प्रार्थना दोन मजली असायची. वरच्या मजल्यावर, "आकाश, पृथ्वी, समुद्र आणि तारे निर्माण करणाऱ्या सर्वसमर्थ देवा," हे इतक्या इतमामाने यायचं की खिडकीची तावदानं सावधानमध्ये उभी राहायची. आणि मग श्वाससुद्धा न घेता त्या खालच्या मजल्यावर उतरायच्या. "काष्टीच्या नानांची कंबर बघ. काष्टी, श्रीगोंदा तालुका. बाजारतळाच्या मागे, पाण्याच्या टाकीवरून डावीकडे वळलं की निळं दार. कुत्रं आहे, पण काही करत नाही." शहराचं नाव बदललं तेव्हा काही आठवडे त्या "अहिल्यानगर, म्हणजे आपलं अहमदनगर, प्रभू," असं म्हणत होत्या. वरच्या कार्यालयात गोंधळ नको.

आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले, ताजे शिकून आलेले, तेव्हा हे ऐकून त्यांची फार पंचाईत झाली. सभा संपल्यावर चहा घेता घेता त्यांनी अत्यंत नम्रपणे सुचवलं, की देव सर्वज्ञ आहे, तेव्हा त्याला पत्ता सांगायची गरज नसावी.

"त्याला ठाऊक आहे हो, पाळकसाहेब," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक आहे का? आत्ता तुम्ही ज्या आजारी भगिनीसाठी मागितलंत, ती राहते कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब मोटारसायकलवरून त्या भगिनीचं घर विचारत हिंडताना दिसले. तेव्हा मला बाईंच्या बुटांचा अर्थ लागला. ज्याचं घर पाहिलं नाही, त्याच्यासाठी बाई प्रार्थना करत नसत. कोणी विनंती आणली की आधी एसटी, मग बूट, मग दार, मग त्या घरातला चहा, आणि त्यानंतर देव. देवाचं प्रेम अमाप आहे, असं आपण सगळेच म्हणतो. बाई ते माप घ्यायला घरोघर जायच्या.

आमचे शेजारी शेखभाई, गॅरेजवाले. साळवेबाईंच्या घराला त्यांची भिंत लागून. बाई सकाळी ओट्यावर बसून प्रार्थना करायच्या तेव्हा शेखभाई नमाज आटोपून अंगणात चहा पीत बसलेले असायचे. एका सकाळी बाई म्हणत होत्या, "शेखभाईंच्या गॅरेजला बरकत दे, प्रभू. स्टेशन रोड, पानाच्या टपरीशेजारी..."

भिंतीपलीकडून शांत आवाज आला, "बाई, गॅरेज हलवलं आपण. पेट्रोलपंपासमोर आहे आता."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. "दुरुस्ती, प्रभू. पेट्रोलपंपासमोर."

"आमीन," शेखभाई म्हणाले आणि त्यांनी बशीतला चहा संपवला. नंतर मला सांगत होते, वेळेवर बोललो म्हणून बरं, नाहीतर सगळी बरकत त्या टपरीवाल्याला गेली असती.

आता कौसाबाईची हकिगत सांगतो. सभेत एका नर्सबाईंनी सांगितलं की, पाथर्डीकडची कौसाबाई म्हणून एक पोर आहे, तिचं पहिलं बाळंतपण मी केलं होतं; तिची लेक सारखी आजारी असते, तिच्यासाठी प्रार्थना करा. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नुकतीच एक जुनी पांढरी व्हॅन घेतली होती, आणि व्हॅन घेणारा माणूस प्रभूच्या कामातून सुटत नाही. पुढे मी, शेजारी बाई, मागे बन्यामीनकाका. काका का आले? म्हणाले, रस्ते बघायला.

पाथर्डीच्या पलीकडे त्या गावात पोचलो तर घराला कुलूप. अर्ध्या गावालाच कुलूप. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, सगळी ऊसतोडीला गेली, काष्टीच्या पुढं फड पडलाय. म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. मी बाईंना म्हटलं, बाई, घर तर पाहिलं, आता इथूनच करून टाका प्रार्थना. बाईंनी कुलपाकडे बोट दाखवलं. "ह्या पत्त्यावर कोण आहे, विन्या? कुलपासाठी प्रार्थना करू?"

पुढच्या आठवड्यात काष्टीच्या पुढे गेलो. तोडलेल्या उसाच्या रानाकडेला पाचटाच्या कोप्या, म्हणजे वीतभर झोपड्या, ओळीने उभ्या होत्या. बाई बुटांनी ढेकळं तुडवत प्रत्येक कोपीपाशी विचारत गेल्या. कौसाबाई सापडली तेव्हा तिच्या मांडीवर ती लेक होती, तापाने फणफणलेली, डोळे अर्धे उघडे. मी काकांकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

बाईंनी आधी पोरीच्या कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या, दवाखान्यात नेऊ, प्रार्थना वाटेत. कौसाबाई घाबरली होती. तिला बाईंचं येणंच उमजत नव्हतं. "माजा पत्ता आजवर कुनी इचारला न्हाई, बाई," ती म्हणाली. "आमी आज हितं, उद्या तिकडं. फड हलला की आमी बी हल्लो. तुमच्या देवाला मी घावनार कशी?"

"तू सांगत जा त्याला," बाई म्हणाल्या. "जिथे हलशील तिथून सांग. तो शोधत येणाऱ्यातला आहे."

व्हॅनमध्ये कौसाबाई थरथरत होती, म्हणून पोरीला कोणी घ्यायचं हा प्रश्न आला. काही न बोलता काकांनी हात पुढे केले. इस्त्रीच्या शर्टाला चिकटून ती पोर पडून राहिली, आणि मी श्रीगोंद्याच्या दवाखान्याच्या दिशेने गाडी हाणली. बाईंनी प्रार्थना सुरू केली. पण धावत्या गाडीचा पत्ता काय सांगणार? तो तर क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून बाईंनी क्रिकेटच्या समालोचनासारखा तो बदलता पत्ताच द्यायला सुरुवात केली. "पांढरी व्हॅन, प्रभू, मागचा दिवा फुटलेला. आता कडुनिंबाची रांग. आता उसाचा ट्रॅक्टर पुढे आहे, तो बाजूला घे." ट्रॅक्टर बाजूला झाला; मी हॉर्नही वाजवत होतो, पण श्रेय घेणार नाही. "आता कॅनॉलचा पूल ओलांडला..."

"पूल नाही तो," मागून काका म्हणाले. "मोरी आहे. पूल पुढच्या वळणाला आहे. आम्ही बांधलाय."

बाईंनी मान वळवली नाही. शेजारून मात्र त्यांचा चेहरा मला दिसत होता. शाळेने जिल्हास्तरीय ढाल जिंकल्यावर सुद्धा तो असा फुलला नव्हता. "दुरुस्ती, प्रभू," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "मोरी."

पोरीला सलाईन लागलं, ताप उतरला, संध्याकाळपर्यंत ती बिस्किट मागू लागली. आम्ही नगरला परत निघालो. काका बाहेर बघत होते. मग म्हणाले, "ही वाचली. आपली नाही वाचली. हे कसं, ते सांग."

मला वाटलं, बाईंकडे याचं उत्तर तयार असणार. "मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी मी अजून भांडते त्यावरून."

"तू भांडतेस?"

"मग? रोज सकाळी ओट्यावर नुसती गोडगोड बोलते वाटतं तुम्हाला? आणि अहो, अनोळखी माणसाशी कोण भांडतं?" मग म्हणाल्या, "तुमच्या खात्यातला मोठा साहेब कधी जीपमधून खाली उतरला नाही. काचेतूनच पूल बघून गेला. म्हणून तुम्हाला वाटतं, मोठा असला की असाच असणार. आपला उतरला. पार गोठ्यात उतरला. पायी हिंडला, लोकांच्या घरी जेवला, मित्र मेला तेव्हा रडला. त्याचा स्वतःचा मुलगा गेला हो. त्याला तुम्ही सांगता, की तू मला ओळखत नाहीस?"

काका पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. पण त्या दिवसापासून एक बदल मी पाहिला. सकाळी बाई ओट्यावर बसल्या की काका आतून खुर्ची आणून दारात बसू लागले. पेपर वाचायला, असं म्हणायचे. पेपरचं पान मात्र बाईंचं 'आमेन' होईपर्यंत उलटत नसे. आणि कौसाबाईचा फड हलला की तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवरून आमच्या व्हॅनवाल्याला, म्हणजे मला, निरोप यायचा: बाईला सांगा, आता अमुक गावाच्या शिवारात हाय, लिंबापासली चौथी कोपी. मी रस्ता ओलांडून तो पत्ता सांगून यायचो. देवाच्या टपालखात्यात मला मिळालेली ही एकमेव नोकरी, आणि मी तिच्यावर अत्यंत खूश होतो.

पुढे बाईंच्या हृदयाची झडप बिघडली. जिना चढताना थांबू लागल्या, मग ओटा चढताना थांबू लागल्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. घाबरू नका, बाई त्यातून सुखरूप उठल्या. पुढेही बरीच वर्षं त्यांनी गल्लीतला एकेक नळ, गुडघा आणि परीक्षा वर कळवली, आणि एका सकाळी ओट्यावर प्रार्थना करून, काकांना चहा मागून, तो यायच्या आत गेल्या. त्यांच्या मयतीला पाथर्डीहून कौसाबाई आली होती, आणि तिच्याबरोबर शाळेच्या गणवेशातली एक उंच मुलगी. पण बाई आठवल्या की मला ती सकाळ आठवत नाही. मला आठवतो तो ऑपरेशनच्या दिवशीचा दवाखान्यातला बोळ, आणि माझ्यापुरता बाईंचा शेवटचा फोटो तोच.

बाई स्ट्रेचरवर होत्या. भुलीआधीचं काही औषध दिलं होतं, त्यामुळे जीभ जड झालेली, डोळे मिटलेले. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंचा आवाज गेला होता. नर्सने त्यांचे कॅनव्हासचे बूट काढून काकांच्या हातात दिले होते, आणि काका ते छातीशी धरून उभे होते. मी होतो, शेखभाई होते, पाळकसाहेब होते. आत न्यायची वेळ झाली तेव्हा पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. एवढ्या वर्षांत ते पक्के पत्तेवाले झाले होते. पण बाईंवर त्यांचा फार जीव, आणि माणूस घाबरला की ग्रंथातल्यासारखं बोलतो. "हे सर्वसमर्थ, सर्वव्यापी, सनातन परमेश्वरा, तुझ्या या दासीला तुझ्या अपार कृपेच्या छायेत..." शब्द सुंदर होते. नुसता वरचा मजलाच होता. त्यात बाई कुठेच नव्हत्या. पाळकसाहेबांचा आवाज चिरकला आणि ते थांबले. वॉर्डबॉयने स्ट्रेचरला हात घातला.

"थांबा," काका म्हणाले. "पाळकसाहेब, पत्ता राहिला."

काकांनी डोळे मिटले नाहीत. समोरच्या ट्यूबलाइटकडे बघत, साईटवरून वरच्या साहेबाला फोन लावावा तसे ते बोलू लागले.

"दुसरा मजला. लिफ्टमधून बाहेर आलं की डाव्या हाताला, हिरव्या पडद्यापाशी. सुवार्ता. तिचा आवाज तुझ्या ओळखीचा आहे. आज तिला बोलता येत नाही, म्हणून मी सांगतोय." हातातले बूट त्यांनी एकदा सारखे केले. पुढचं इतकं हळू आलं की मी अगदी शेजारी उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. "बन्यामीन बोलतोय. करुणाचा बाप. ओळखलंस ना?"

शेखभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाळकसाहेब सरळ रडत होते. वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलायचं विसरला. आणि तेवढ्यात स्ट्रेचरवर बाईंचा एक डोळा उघडला. चादरीखालून एक हात निघाला, सावकाश वर आला, कानामागे जाऊन थांबला, आणि जड झालेल्या जिभेने बाई म्हणाल्या:

"आवाज येत नाही. पुन्हा पहिल्यापासून."